बोटावरचा ऑक्सिमीटर: रीडिंग कसं घ्यायचं आणि कधी त्यावर विसंबायचं नाही

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत घरोघरी आलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आता बहुतेक ठिकाणी थर्मामीटरच्या शेजारी, औषधांच्या डब्यात पडून असतो. आजोबांना रात्री धाप लागली की तो बाहेर निघतो. सेल संपलेले असतात. ते बदलून लावला की एका बोटाला ९१ दिसतं, दुसऱ्याला ९६, आणि घरात वाद सुरू होतो.

अशा वेळी बहुधा ९६ खरं असतं. गार बोट, हलणारा हात, नखावरचा रंग, अर्धवट घातलेलं बोट या नेहमीच्या चुकांनी आकडा सहसा खाली पडतो. त्यातून घबराट होते, पण पुन्हा नीट मोजलं की चूक उघड होते. दुसऱ्या प्रकारची चूक मात्र जिवावर बेतू शकते. माणूस संकटात असतो आणि यंत्र ९८ दाखवत असतं. अशा जागा थोड्याच आहेत, पण त्या पाठ हव्यात.

आकडा नेमका कशाचा?

फुप्फुसांतून ऑक्सिजन वाहून नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. त्याच्या एका रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू बसतात. एसटीच्या सगळ्या गाड्या मिळून जेवढ्या सीटा आहेत, त्यातल्या किती टक्के भरल्या, तसा हा हिशेब आहे. ९७ म्हणजे शंभरातल्या ९७ सीटा भरलेल्या. डॉक्टर याला 'सॅच्युरेशन' म्हणतात, आणि बोटावरून मोजलेलं सॅच्युरेशन यंत्रावर 'एसपीओटू' या नावाने दिसतं. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या निरोगी माणसाचं ते ९५ ते १०० असतं. ९६ चं ९९ करण्यासाठी काही करायची गरज नसते, शंभर गाठलं म्हणून बक्षीसही नसतं.

रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब ही वेगळी गोष्ट. तो मिलिमीटर पाऱ्यात मोजतात आणि त्यासाठी धमनीतलं रक्त काढावं लागतं. दाब आणि टक्केवारी सारख्या वेगाने उतरत नाहीत. त्यांचा आलेख सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यासारखा असतो: वर लांबलचक सपाटी आणि मग एकदम कडा. दाब १०० वरून ६० पर्यंत घसरला तरी सॅच्युरेशन ९७-९८ वरून जेमतेम ९० वर येतं. तिथून पुढे दाब ६० चा ४० झाला की सॅच्युरेशन थेट ७५ च्या आसपास. म्हणून ९८ चं ९५ झालं तर लक्ष ठेवायचं, पण ९३ चं ९० झालं तर थांबायचं नाही. दोन्हीकडे फरक तीनच आकड्यांचा, पण दुसऱ्या वेळी माणूस कड्याच्या टोकाशी उभा असतो.

चिमट्याच्या आत काय चालतं

चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, रिकामं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं. दोन्हींची तुलना केली की टक्केवारी निघते.

पण बोटात कातडी, हाड, नख आणि शिरांमधलं रक्तही असतं. त्यातून फक्त धमनीतलं रक्त कसं वेगळं काढायचं? हे कोडं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी सोडवलं. ते खरं तर रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त ढकलतं ते प्रकाशाने मोजू पाहत होते, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचं मोजमाप बिघडत होतं. ठोक्यागणिक बदलणारा भाग हाच धमनीतल्या रक्ताचा, बाकी सगळं स्थिर, हे त्यांनी हेरलं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमके ज्या महिन्यांत जग त्यांच्या यंत्राच्या शोधात होतं.

यातून घरी वापरण्याजोग्या दोन गोष्टी निघतात. पहिली, ठोका नीट मिळाला नाही तर आकड्याला अर्थ नाही. दुसरी ८५ या आकड्याची. हात थरथरत असेल तर दोन्ही प्रकाशांत सारखाच गोंधळ होतो आणि त्यांचं गुणोत्तर १ कडे सरकतं. यंत्राच्या कोष्टकात गुणोत्तर १ म्हणजे जवळपास ८५ टक्के. थंडीने कुडकुडणाऱ्या किंवा कंपवात असलेल्या, पण शांतपणे गप्पा मारणाऱ्या माणसाचं रीडिंग ८५ च्या आसपास रेंगाळलं, तर आधी हात स्थिर करून पुन्हा मोजा.

हे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन बनवलेलं असतं. त्यांना साधारण ७० च्या खाली नेत नाहीत, त्यामुळे ७० खालचे आकडे निव्वळ अंदाज असतात. खोक्यावर ±२% छापलेलं असतं त्याचा अर्थही नीट घ्या. साधारण तीनातली दोन रीडिंग खऱ्या किमतीच्या दोन आकड्यांच्या आत येतात, तिसरं बाहेर जाऊ शकतं.

यंत्र घेताना, आणि घरातलं जुनं तपासताना

खोक्यावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक आणि 'एमडी' ही अक्षरं असलेला लायसन्स क्रमांक आहे का ते पाहा. नाडीची लाट किंवा वर-खाली होणारी पट्टी दाखवणारं यंत्रच घ्या, कारण ठोका मिळतोय की नाही हे त्यावरूनच कळतं. 'पीआय' हा आकडा दिसत असेल तर आणखी उत्तम. बोटापर्यंत रक्त किती जोराने पोहोचतंय ते तो सांगतो. तो १ च्या खाली असेल तर बोट ऊबदार करून पुन्हा मोजा, ०.४ च्या खाली असेल तर रीडिंग धरूच नका.

बोटाऐवजी पेन घालून बघण्याची चाचणी समाजमाध्यमांवर खूप फिरली. पेन स्थिर ठेवलं आणि तरी यंत्र बिनधास्त ९८ आणि नाडी ७५ दाखवत राहिलं, तर ते फेकून द्यायच्या लायकीचं. पण पेन हातात धरलं असेल तर हाताच्या हालचालीमुळे चांगलं यंत्रही क्षणभर काहीतरी आकडा दाखवू शकतं, त्यावरून त्याला खोटं ठरवू नका. त्याहून चांगली चाचणी म्हणजे घरातल्या तीन-चार निरोगी माणसांचं रीडिंग घ्या आणि नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी ताडा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्या यंत्राशेजारी आपलंही लावून बघा.

स्मार्टवॉच मनगटावरून परत फिरलेला प्रकाश वाचतं. तंदुरुस्तीची हौस म्हणून ते ठीक, आजारी माणसाचा निर्णय त्यावर घेऊ नये. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगणारी अॅप तर नकोतच. त्यातल्या काहींचा डोळा तुमच्या बोटाच्या ठशावर असतो, असा इशारा २०२० मध्येच दिला गेला होता.

वापरून झाल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने आतली रबरी गादी पुसा. स्पिरिट थेट ओतू नका. यंत्र महिनोन् महिने पडून राहणार असेल तर सेल काढून शेजारी ठेवा. आतच राहिलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंग गंजते.

रीडिंग घेण्याची पद्धत

१. जिना चढून आल्यावर, जेवल्याबरोबर किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजू नका. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. बोलणंही बंद.

२. हात गार असतील तर एकमेकांवर चोळा किंवा कोमट पाण्यात धरून कोरडे करा. गार बोट हे चुकीच्या रीडिंगचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि आजाऱ्याची बोटं बऱ्याचदा गारच असतात.

३. मधलं बोट किंवा तर्जनी निवडा. नेलपॉलिश असेल तर काढा. काळी, निळी आणि हिरवी जास्त त्रास देते. साध्या लालसर मेंदीने सहसा अडत नाही, पण लग्नातल्या गडद काळपट मेंदीने आकडा कमी दिसू शकतो. तेव्हा ज्या बोटाच्या टोकाला मेंदी नाही ते शोधा. चिकटवलेली कृत्रिम नखं असतील तर पायाचं बोट वापरा.

४. नख वरच्या, म्हणजे पडद्याच्या बाजूला ठेवून बोट आतल्या भिंतीला टेकेपर्यंत सारा. बोट वाकडं किंवा अर्धवट घातलं की प्रकाश बाजूने निसटतो.

५. हात टेबलावर किंवा छातीवर, हृदयाच्या उंचीला टेकवा. लोंबकळू देऊ नका, यंत्र दुसऱ्या हाताने दाबूही नका. त्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला नसावा, कारण पट्टा फुगला की बोटातला ठोका गायब होतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर यंत्रावर रुमाल टाका.

६. पहिला आकडा विसरा. पडदा उजळताच जे दिसतं ते यंत्राच्या चाचपडण्याचं फळ असतं. किमान तीस सेकंद, शक्यतो मिनिटभर थांबा, आणि पाच-सहा सेकंद न हललेला आकडा धरा. मिनिटभरात दिसलेला सगळ्यात मोठा आकडा निवडायचा मोह होतो, तोही टाळा.

७. आता यंत्रावरची नाडी आणि मनगटावर स्वतः मोजलेली नाडी ताडून बघा. यंत्र ५८ म्हणतंय आणि हाताला ९६ ठोके लागताहेत, तर सॅच्युरेशनचा आकडाही त्याच माळेतला.

८. तारीख, वेळ, आकडा, नाडी आणि त्या वेळी ऑक्सिजन लावलेला होता का, असल्यास किती लिटर, हे लिहून ठेवा. ऑक्सिजनवर असताना आलेलं ९५ आणि साध्या हवेवरचं ९५ ही दोन अगदी वेगळ्या प्रकृतीच्या माणसांची रीडिंग आहेत.

रीडिंग कमी आलं तर दुसऱ्या हाताच्या बोटाला लावा, मग पाच मिनिटांनी पुन्हा. फुप्फुसातला बदल बोटापर्यंत पोहोचायला आणि पडद्यावर उमटायला अर्धा मिनिट तरी लागतं, म्हणून एक खोल श्वास घेऊन लगेच 'वाढला का?' बघण्यात अर्थ नाही.

यंत्र ९८ म्हणतं आणि माणूस बुडत असतो

बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा दार-खिडक्या लावून झोपताना खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी. अर्धवट जळलेल्या गॅसातून किंवा कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सीटा भरलेल्या दिसतात, पण बसलेले प्रवासी भलतेच. दोन दिव्यांच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, तो खुशाल ९८ दाखवतो. न्हाणीघरातून कोणी डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय म्हणत बाहेर आलं किंवा आतच कोसळलं, तर यंत्र लावत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णालयात पोहोचताच 'गॅस गिझर होता' हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यावरून डॉक्टर को-ऑक्सिमीटरने रक्त तपासतात. त्या यंत्राला भलता प्रवासी ओळखू येतो.

दुसरी जागा रक्तक्षयाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे हे दुर्मीळ नाही. हिमोग्लोबिन १४ च्या जागी ७ असेल तर डेपोतून निम्म्याच गाड्या सुटल्या, पण सुटलेली प्रत्येक गाडी भरलेली. ऑक्सिमीटर गाड्या मोजत नाही, फक्त सीटा भरल्या का ते बघतो. म्हणून जिना चढताना धाप आणि यंत्रावर ९९ असं असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तिसरी गोष्ट त्वचेच्या रंगाची, आणि ती आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतलं खरं सॅच्युरेशन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघालं. वर्ण गडद असेल तर यंत्र थोडं चढं दाखवण्याची शक्यता धरा, आणि ९४ दिसत असलं तरी माणूस धापत असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

आणखी एक: श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की साठतोय, हे यंत्राला अजिबात कळत नाही. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात वावरलेल्या सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला घरच्यांनी काळजीपोटी कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचा) प्रवाह वाढवून ९८ वर नेलं आणि तो गुंगायला लागला, तर ती बरी झोप समजू नका. अशा रुग्णांसाठी सहसा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवलेलं असतं. तुमच्या रुग्णाचं लक्ष्य किती, हे डॉक्टरांना विचारून यंत्राच्या डबीवर चिकटवा.

आकड्याचं करायचं काय

तब्येत चांगली असताना, तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून प्रत्येकाचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. नेहमी ९९ असणाऱ्याचं तापात ९५ होणं आणि नेहमी ९५ असणाऱ्याचं ९५ राहणं, यात फार फरक आहे.

निरोगी फुप्फुसांच्या प्रौढाला ताप-खोकला आला आणि आकडा ९५ किंवा वर असेल तर दिवसातून तीन-चार वेळा मोजणं पुरे. दर दहा मिनिटांनी मोजल्याने फक्त घरच्यांची झोप उडते. ९४ आलं तर तासाभरात पुन्हा बघा आणि डॉक्टरांना कळवा. ९३ किंवा कमी असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या गृह-विलगीकरणासाठी दिलेला निकष अजूनही हाताशी ठेवण्याजोगा आहे: साध्या हवेवर एका तासात किमान तीन वेळा ९३ किंवा कमी आलं, तर वैद्यकीय मदत घ्यायची. ९० च्या खाली असेल आणि पद्धतीत चूक नसेल, तर तासभर वाट बघण्यासारखं काही नाही, निघा.

श्वासही मोजा. पूर्ण साठ सेकंद, छातीकडे बघत, रुग्णाला न सांगता. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. प्रौढात मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास ही धोक्याची खूण, आकडा ९५ असला तरीही. लहान मुलांचे आकडे वेगळे: दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान. तान्ह्याच्या बोटात मोठ्यांचा चिमटा नीट बसतच नाही, त्यांच्यासाठी चिकटपट्टीसारखा वेगळा सेन्सर लागतो. घरचा चिमटा बाळाच्या अंगठ्याला लावून आलेला आकडा, चांगला असो की वाईट, धरू नका.

बसल्या जागी ठीक दिसणारी फुप्फुसं चालल्यावर उघडी पडतात, म्हणून सहा मिनिटांची चाल. कोविडच्या काळात राज्याच्या आरोग्य विभागानेही ही चाचणी घरी करायला सांगितली होती. आधी रीडिंग घ्या, मग घरातच सपाट फरशीवर नेहमीच्या वेगाने सहा मिनिटं चाला. साठीच्या पुढे तीन मिनिटं पुरे. थांबताच पुन्हा मोजा. आकडा तीन किंवा जास्तने उतरला, ९३ च्या खाली गेला किंवा दम लागून मध्येच थांबावं लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. आधीच ९४ च्या खाली असलेल्याला, छातीत दुखणाऱ्याला किंवा बसूनही धाप लागणाऱ्याला ही चाचणी करायला लावू नका. सोबत कोणीतरी हवंच.

उंचीवर सगळी गणितं बदलतात. महाबळेश्वरला किंवा कळसूबाईवर (१६४६ मीटर) फरक पडला तर एखाद-दोन आकड्यांचा. पण केदारनाथ आणि लेह दोन्ही साधारण साडेतीन हजार मीटरवर आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या जवळ असतो, आणि पुण्या-मुंबईहून दोन दिवसांत पोहोचलेल्या निरोगी यात्रेकरूचं सॅच्युरेशन ९० च्या आसपास किंवा त्याहून खालीही असू शकतं. तिथे ९४ ची रेघ लावली तर अख्खी बसच रुग्णालयात न्यावी लागेल. आपल्या सोबत चढलेल्यांचे आकडे घेऊन तुलना करा. सगळे ८९-९० आणि एकजण ७८, शिवाय त्याचं डोकं दुखतंय, उलट्या होताहेत किंवा चाल लडखडतेय, तर त्याला खाली उतरवा. ऑक्सिजनचा डबा हुंगवून दर्शनाच्या रांगेत उभं करू नका.

रुग्णालयात नेताना

ओठ किंवा जीभ निळसर, एक वाक्य एका दमात बोलता न येणं, गोंधळलेलं बोलणं, जागं करूनही डोळे मिटत जाणं: यातलं काहीही असेल तर आकडा न बघता १०८ ला फोन करा. फोनवर वय, आजार, रीडिंग साध्या हवेवरचं की ऑक्सिजनवरचं आणि मिनिटाला श्वास किती, एवढं सांगा. गाडी येईपर्यंत रुग्णाला सपाट झोपवू नका, उशा लावून टेकवून बसवा.

तिथे बहुधा मनगटातल्या धमनीतून एक-दोन मिलिलिटर रक्त काढून 'एबीजी' (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करतील. नेहमीच्या सुईपेक्षा ही जास्त दुखते. सुई काढल्यावर त्या जागी किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी जास्त वेळ, आणि ती चालू आहे हे आधीच सांगायचं. त्या अहवालात ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १००, कार्बन डायऑक्साइडचा ३५ ते ४५ आणि पीएच (रक्ताची आम्लता) ७.३५ ते ७.४५ असणं अपेक्षित असतं. घरातलं यंत्र यातला एकही आकडा कधीच देऊ शकत नाही. म्हणून बोटावर ९४ दिसत असतानाही डॉक्टर ही तपासणी सांगतात, तेव्हा नको म्हणू नका. लिहून ठेवलेल्या रीडिंगचा कागद तेव्हा खिशात असू द्या. आदल्या रात्री दहाला ९६, दोनला ९४, पहाटे पाचला ९१ हा उतार त्यांना तिथल्या एका रीडिंगवरून दिसणार नाही.